मोहफुलांच्या दिवसांत झाडीपट्टीत: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

होळी जवळ आली की मला पुण्या-मुंबईकडून फोन सुरू होतात. फोन करणाऱ्यांच्या नाशिकच्या वायनरी बघून झालेल्या असतात. लाल वाइन कुठली चांगली, पोर्टसारखी गोड आणि कडक वाइन कशाशी प्यायची, हे त्यांना कळायला लागलेलं असतं, आणि आता ‘तुमच्याकडची मोहाची’ चाखायची असते. मी सांगतो, या, नक्की या. पण बाटलीसाठी येऊ नका, फुलासाठी या. आमच्याकडे चव घ्यायची खोली नाही, पेल्यात ओतून माहिती सांगणारा माणूस नाही. आहे ते एक झाड, त्याखाली पहाटे वाकलेली माणसं आणि वाळवणानं भरलेलं अंगण. ते नीट पाहिलंत तर दोन दिवस कमी पडतील.

कुठल्या दिवसांत यायचं, कुठे उतरायचं, कोणाला विचारायचं, काय खायचं, काय विकत घ्यायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे सगळं इथे क्रमानं लिहितो आहे.

आधी दिवस नक्की करा

मोह ठरलेल्या तारखेला फुलत नाही. साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत फूल गळतं. कधी आठवडाभर आधी, कधी उशिरा. एका झाडाचं फूल दोन-तीन आठवडे चालतं, पण सगळी झाडं एकदम सुरू होत नाहीत, म्हणून गावाचा हंगाम महिनाभर पुरतो. आभाळ आलं, अवकाळी पाऊस झाला की फूल नीट गळत नाही आणि गळालेलं कुजतं. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी गावातल्या कोणाला तरी फोन करून एवढंच विचारा: ‘फूल लागलं का?’

एक खूण सांगतो. जंगलात पळस लाल पेटलेला असतो तेव्हा मोह नुसता पानगळ करत उभा असतो. पळस ओसरू लागला की मोहाच्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे तपकिरी घोस दिसतात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी या. फूल संपत आलं की तांबूस कोवळी पालवी फुटते. झाड पूर्ण तांबडं दिसायला लागलं म्हणजे तुम्हाला उशीर झाला.

शक्यतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या, असं माझं मत आहे. एप्रिलच्या मध्यानंतर पारा चाळिशी ओलांडतो आणि नवख्या माणसाला सकाळी दहानंतर उन्हात उभं राहणं जड जातं.

कुठे यायचं

मोह विदर्भात सगळीकडे आहे, मेळघाटातही आहे. पण पहिल्यांदा येणाऱ्याला मी पूर्व विदर्भाची झाडीपट्टी सुचवतो, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग. धानाच्या बांध्या (भातखाचरं), मालगुजारीच्या काळातले तलाव आणि त्यांना लागून जंगल असा हा मुलूख. बांध्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं मुद्दाम राखलेली दिसतील. शेत विकलं तरी धुऱ्यावरचं मोहाचं झाड माणूस चटकन तोडत नाही.

त्यातही गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी हा पट्टा पोचायला सोपा आहे. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही थेट गोंदियाला येतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर अर्जुनी मोरगाव लागतं. रस्त्यानं येणाऱ्यांनी नागपूरहून रायपूरचा महामार्ग धरावा: भंडारा, लाखनी, साकोली, आणि पुढे कोहमारा. साकोली नागपूरपासून सुमारे १०० किलोमीटर. कोहमाऱ्याला उजवीकडे वळलं की नवेगावबांध, पुढे अर्जुनी मोरगाव. नवेगावबांधच्या तलावाकाठी मुक्काम करून आसपासच्या गावांत पहाटे जाता येतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. सफारीच्या गाडीतून मोहाची झाडं दिसतात, त्याखाली चरणारी चितळंही दिसतात, पण गाडीतून उतरता येत नाही आणि फूल तर उचलताच येत नाही. सफारी करायची तर वेगळ्या दिवशी करा. मोहाची पहाट गावातच बघायची.

कायदा घरूनच समजून या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. यात चूक झाली तर तुम्ही सुटाल, पण ज्या घरात उतरलात ते घर अडकेल.

महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं, विकणं आणि विकत घेणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. गावात गाळलेली मोहाची दारू याच कायद्यात येते. त्याशिवाय वर्धा आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ मध्ये लोकांच्या, मुख्यतः बायांच्या, लढ्यातून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. गोंदिया आणि भंडाऱ्यात बंदी नाही.

प्रवासात याचा अर्थ असा होतो: अर्जुनी मोरगावहून वडसा अगदी जवळ आहे. नाटकांचं गाव म्हणून अनेकांना तिथे जायचं असतं. पण वडसा, म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात येतं. रस्त्यावर फक्त जिल्ह्याची पाटी लागते, बाकी झाडं तीच, धान तेच. तुमच्या गाडीत गोंदियात पावतीसह घेतलेली बाटली असली तरी त्या पाटीपलीकडे तो गुन्हा ठरतो. म्हणून या प्रवासात गाडीत बाटली ठेवूच नका.

आणि गावात शिरल्याशिरल्या ‘पहिल्या धारेची मिळेल का’ असं विचारू नका. मी हे कळकळीनं सांगतो आहे. मोहाची दारू गोंड, हलबा आणि इतर समाजांत देवाला वाहतात, जन्माला, लग्नाला, मरणाला तिचा मान आहे. ती त्यांच्या घरची गोष्ट आहे. त्याच गावांत दारूनं घरं बसलेलीही मी पाहिली आहेत आणि ती बंद व्हावी म्हणून बाया रात्र रात्र पहारा देतानाही पाहिल्या आहेत. बाहेरून आलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न या दोन्ही माणसांना लागतो. शिवाय कोणी कशी गाळली, कशात साठवली, काय मिसळलं, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. अनोळखी दारूनं डोळे आणि जीव दोन्ही जातात.

फुलाचं मात्र तसं नाही. मोहफुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर अनेक वर्षं निर्बंध होते, कारण सरकारच्या लेखी फूल म्हणजे दारूचा कच्चा माल. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ते सैल केले. आता फूल घरी खायला विकत घेताना कोणी चोरासारखं वागायचं कारण नाही.

गावात शिरताना

दुपारपर्यंत पोचा, पहाटे थेट जाऊ नका. पहिली दुपार ओळखीसाठी ठेवा. ओळख नसेल तर ग्रामपंचायतीत जा, नाहीतर आशाताई किंवा बचतगटाच्या बायांना भेटा. ‘जोहार’ म्हणा. गोंड घरांत ‘जय सेवा’ म्हटलं की चेहरा उजळतो. मोठ्या बाईला माय किंवा आजी, बरोबरीच्या माणसाला भाऊ. मग सरळ सांगा की मोहफूल कसं वेचतात ते बघायला आलो आहे, उद्या सकाळी तुमच्यासोबत येऊ का.

अनेक गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आसपासच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाले आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये, देशात अगदी सुरुवातीला मिळाला. अशा गावात जंगलात काय करायचं हे ग्रामसभा ठरवते. तुम्ही वनखात्याच्या कोणाला ओळखत असाल तरी ग्रामसभेला विचारणं टाळू नका.

पैशाचं आधीच बोला. हंगामातली सकाळ म्हणजे त्या घराची कमाई असते. तुम्ही प्रश्न विचारणार, फोटो काढणार, मधे मधे थांबवणार, म्हणजे त्यांचं फूल कमी वेचलं जाणार. निदान एका माणसाची दिवसाची मजुरी द्या, जेवणाचे वेगळे द्या, आणि पैसे वेचणाऱ्या बाईच्या हातात द्या. लहान पोरांना नोटा वाटू नका.

राहायला घरी जागा मिळाली तर मच्छरदाणी सोबत असू द्या. हा हिवतापाचा मुलूख आहे. टॉर्च, पाण्याची मोठी बाटली, पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट, डोक्याला दुपट्टा. अत्तर, सेंट काही लावू नका. मोहाच्या वासात तो वास मिसळला की दोन्ही जातात.

पहाट

चार-साडेचारला उठावं लागेल. गावाला उठवावं लागत नाही, वासानंच जाग येते. मोहाचा वास सगळ्यांना आवडत नाही हे आधीच सांगतो. गोड असतो, पण नुसता गोड नाही. त्यात ओल्या लाकडाचा, पिकल्या फळाचा आणि थोडा जनावराच्या अंगाचा वास असतो. पहिल्या दिवशी नाक मुरडणारी माणसं तिसऱ्या दिवशी तोच वास शोधत फिरताना मी पाहिली आहेत.

एकट्यानं झाडाखाली जायचं नाही. ही सूचना तुमच्या हौसेवर सोडू नका. मोहफूल अस्वलाला माणसाइतकंच आवडतं आणि त्याची वेळही हीच. अस्वलाला दिसतं कमी, आणि अचानक समोर आलेल्या माणसावर ते घाबरून धावतं. म्हणून बाया घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत जातात, मधे हाकारे घालतात. शहरातली माणसं जंगलात गेली की कुजबुजतात. इथे कुजबुजू नका, बोला. ज्या भागात वाघाचा वावर आहे तिथे गावकरी उजाडल्याशिवाय निघत नाहीत. ते थांबले तर तुम्हीही थांबा.

झाडाखाली गेल्यावर आधी दोन मिनिटं टॉर्च बंद करून उभे राहा. टप, टप, असा आवाज येतो. पाऊस सुरू होताना पत्र्यावर पहिले थेंब पडतात तसा, पण मऊ. फुलं रात्रभर गळत असतात आणि पहाटे तो वेग वाढतो. वर वटवाघळं फडफडत असतात. मोहाचं परागीभवन मुख्यतः त्यांच्याकडूनच होतं. ती गोड पाकळ्या खातात आणि या फुलाचे पराग त्या फुलाला नेतात.

आता एक फूल उचला आणि हातावर घ्या. हरभऱ्याच्या घाट्याएवढं, फिक्कट पिवळं, मेणाचं केल्यासारखं जाड. पाकळ्या सुट्या नाहीत, सगळ्या मिळून एक गोल पिशवी, आणि मधोमध भोक. त्या भोकातून आरपार गेलेला फुलाचा स्त्रीकेसर वर झाडालाच राहिलेला असतो. त्याच्याच बुडाचं पुढे फळ होतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या फुलाकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. वेचणाऱ्याला फूल मिळतं आणि झाडाचं फळही राहतं. झाडानं ते वापरून झाल्यावर टाकलेलं असतं. फूल तोडायचं नसतं, वेचायचं असतं, यात सगळं आलं.

वेचताना पुढचं ध्यानात ठेवा. झाडाखालची जागा झाडून साफ केलेली दिसली तर ते झाड कोणाचं तरी आहे. कुंपण नसेल, पाटी नसेल, जंगलाच्या मधोमध असेल, तरी आहे. कुठलं झाड कोणत्या घराचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मी स्वतः पहिल्या वर्षी ही चूक केली. एका मोहाखाली एकटाच बसून रुमालभर फुलं वेचली, कोणाचंच नसेल असं समजून. पाठीमागून एक आजी डोक्यावर टोपली घेऊन आली. ओरडली नाही. उभी राहून म्हणाली, ‘काऊन गा बाबू, इचारलं नाही का कोनाले?’ मी रुमाल तिच्या टोपलीत रिकामा केला. तिनं त्यातलीच चार फुलं काढून माझ्या हातावर ठेवली. ‘खाऊन त पाय,’ म्हणाली. त्या झाडाला तिच्या सासूनं लहानपणी पाणी घातलं होतं, हे मला नंतर कळलं.

झाडाखाली राख दिसेल. फूल पालापाचोळ्यात हरवू नये म्हणून हंगामाआधी पाला जाळायची जुनी पद्धत आहे. त्याच आगीतून वणवे लागतात, लहान रोपं जळतात, आणि म्हणूनच मोहाची म्हातारी झाडं पुष्कळ आणि पोरसवदा झाडं थोडी असं अनेक गावांत दिसतं. आता काही ठिकाणी बाया पाला झाडून बाजूला करतात, कुठे झाडाखाली जाळी अंथरतात. जाळी दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. आणि जंगलात विडी-सिगारेट पेटवू नका, आगपेटी गावातच ठेवून निघा. मार्चातला पाला एका ठिणगीनं धरतो.

वेचायला बसाल तर वाकून वेचू नका, उकिडवं बसून सरकत जा. दोन्ही हात चालतात, फूल चिमटीत दाबायचं नाही, अलगद उचलायचं. दाबलं की रस निघतो आणि वाळवताना ते काळं पडतं. अर्ध्या तासात पाठ बोलू लागेल. सोबतची बाई तोवर तुमच्या पाचपट वेचून पुढच्या झाडाकडे निघालेली असेल, आणि तिचा दिवस अजून सुरू व्हायचा असेल. स्वयंपाक, पाणी, मग वाळवण. ऊन वर आलं की गळणं थांबतं. आठ-नऊपर्यंत घरी.

अंगणात

मोहाला समजून घ्यायचं असेल तर दुपार अंगणात काढा. वाइनची आवड असलेल्या माणसाला इथे सगळ्यात जास्त सापडेल.

ताज्या फुलात पाणी पुष्कळ आणि साखरही पुष्कळ. हवेतलं आणि फुलावरचं किण्व, म्हणजे यीस्ट, त्या साखरेवर लगेच बसतं. फुलं टोपलीत तशीच ठेवली तर दुपारपर्यंत ती कोमट लागतात, संध्याकाळी आंबूस वास येतो. द्राक्षाच्या रसाचं हेच होतं. फरक असा की वाइनवाल्याला ते हवं असतं, आणि फूल घरात वर्षभर ठेवायचं असेल तर ते थांबवावं लागतं. पोर्टसारख्या वाइनमध्ये आंबणं अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षाची कडक दारू घालतात, त्यानं किण्व मरतं आणि साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोड आणि कडक दोन्ही लागते. आमच्याकडे हे काम ऊन करतं. पाणी काढून घेतलं की किण्वाला जगता येत नाही, आणि सगळा गोडवा फुलात आवळून राहतो.

शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा चटईवर फुलं एकेरी पसरतात. तीन-चार दिवस कडक ऊन लागतं. पहिल्या दिवशी पिवळी, दुसऱ्या दिवशी विटकरी, मग तांबूस तपकिरी. वाळल्यावर काठीनं हलकं झोडपतात, म्हणजे आतले केसर सुटून पडतात. मग सुपानं पाखडायचं. नंतर बांबूच्या ढोलीत किंवा मडक्यात दाबून भरतात, वारा लागू देत नाहीत.

तुम्हाला चव घ्यायचीच आहे ना, तर अशी घ्या. घरच्या बाईकडून चार वाट्या मागा: आज पहाटेचं फूल, कालचं, चार दिवसांचं वाळलेलं, आणि मिळालं तर मागच्या वर्षीचं. मधे साध्या पाण्याची गुळणी करा.

ताजं फूल आधी उघडून आतले केसर काढा, ते घशाला लागतात. चावलं की रस फुटतो, पाकासारखा गोड, पण मागे किंचित कडू आणि तो रानटी वास. चार-पाचच्या वर खाऊ नका, सवय नसलेल्याला जड जातात, डोकं गरगरतं. कालचं फूल चिवट झालेलं असतं, कडूपणा थोडा मागे सरतो. चार दिवसांचं फूल मनुक्यासारखं, पण मनुकेत आंबटपणा असतो तो यात नाही. मागच्या वर्षीचं फूल सगळ्यात खोल लागतं: काकवी, चिंचोक्याचा भाजका वास, थोडा धूर. जुनी गोड वाइन ज्यानं कधी चाखली असेल त्याला हे ओळखीचं वाटेल. मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं, आणि यात दारूचा थेंब नाही.

ताटात

फूल म्हणजे दारू, एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला जेवायला बसवलं की त्याचं मत बदलतं. मी ज्या घरी उतरतो तिथे मोहाच्या पुऱ्या होतात, भाजलेली फुलं तीळ-जवसासोबत उखळात कुटून लाडू होतात, आणि घाईच्या दिवसांत नुसती उकडलेली फुलं भातासोबत खातात. उन्हाळ्यात धान संपत आलेलं असताना आमच्या आधीच्या पिढ्यांना या फुलानं जगवलं आहे. ती आठवण म्हाताऱ्या माणसांना आहे. म्हणून ताटात फूल टाकून उठू नका.

पुऱ्या घरी करून बघता येतील. वाटीभर वाळलेली फुलं निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा, वाळू निघेपर्यंत. बुडतील एवढ्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. गार झाल्यावर त्याच पाण्यासकट वाटा. त्या गरात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तीळ घालून घट्ट भिजवा. वेगळं पाणी नको, गूळ-साखर तर अजिबात नको. लाटून मंद आचेवर तळा, साखर जास्त असल्यानं मोठ्या आचेवर लगेच करपतात. गरम पुरी वरणासोबत खा. मधुमेह असलेल्यांनी एकावर थांबावं.

विकत काय घ्यायचं

आठवडी बाजारात मोहफूल येतं. तिथे अर्धा तास उभे राहा. हंगामात घराघरांतून फूल येतं तेव्हा भाव पडलेला असतो, आणि पावसाळ्यात घरातलं संपलं की तेच फूल व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं घ्यावं लागतं. मोहफूल गौण वनोपजाच्या आधारभूत किमतीच्या यादीत आहे, काही ठिकाणी ग्रामसभा आणि बचतगट एकत्र विक्री करतात, त्यानं फरक पडतो आहे. तरी ज्या घरी तुम्ही सकाळ काढलीत त्या घराकडूनच घ्या, आणि घासाघीस करू नका.

चांगलं फूल कसं ओळखायचं? मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि सोडा. सुटी सुटी झाली तर नीट वाळलेली. गोळा झाला, हाताला चिकटलं, तर ओल आहे. रंग तांबूस तपकिरी हवा, काळा नको. वास गोड हवा, आंबूस नको. बोटांनी चाळवून वाळू आणि केसर बघा. दोन किलो पुरे. बचतगटांचे लाडू, सरबत मिळाले तर तेही घ्या, पण वेष्टनावर तारीख बघून.

फोटो काढले असतील तर त्यांच्या प्रती छापून पाठवा. मोबाइलवर पाठवतो म्हणणारे खूप येतात. भिंतीवर लावलेला छापील फोटो मी दहा वर्षांनीही त्याच खिळ्याला पाहिला आहे, आणि पुढच्या वेळी आलेल्या पाहुण्याला त्याच फोटोवरून तुमची ओळख सांगितली जाते.

घरी गेल्यावर

आणलेली फुलं दोन दिवस पुन्हा ऊन दाखवा, मग काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट भरून झाकण लावा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जूनच्या आधी बरणी फ्रिजमध्ये ठेवा. तिथल्या दमट हवेत फूल आठवड्याभरात ओलं होतं आणि मग त्याला आमच्या अंगणातल्या टोपलीसारखा आंबूस वास यायला लागतो. तसं झालं तर खाऊ नका, झाडाच्या मुळाशी टाका.

जून-जुलैत परत यायला जमलं तर बघा. तेव्हा त्याच झाडांवर फळं पिकलेली असतात, आमच्याकडे त्यांना टोळ म्हणतात. वरचा गर खातात, कच्च्या टोळांची भाजी करतात, आणि आतल्या बियांचं तेल काढतात. हिवाळ्यात ते तुपासारखं थिजतं. त्या तेलात तळलेली पुरी आणि फुलाचीच कणीक, दोन्ही एकाच झाडाचं, असं ताट मी वर्षातून एकदाच खातो, पहिला पाऊस पडल्यावर. आजी आता नाही, तिची सून वाढते. झाड अजून आहे.